सिकलसेलच्या लेकराला सुईची "सवय" होत नसते, दादा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमची लेक सहा वर्षांची, एसएस पॅटर्न म्हणजे आईबाप दोघांकडूनही सिकलसेल आलेला, त्यावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू होऊन पाच महिने झाले, दर महिन्याला रक्त तपासायला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. मागच्या खेपेला नस सापडली नाही म्हणून पाच वेळा टोचलं, चार जणांनी धरून ठेवलं, आणि तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ती पलंगाखाली जाऊन बसते. घरचे म्हणतात आयुष्यभराचं दुखणं आहे, सवय लावलीच पाहिजे. तुमचं विचारणं असं की टोचायच्या आधी दुखू नये म्हणून काही औषध असतं का, आणि पोरगी हट्टी होत चाललीय का.

मी सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, आपल्या पूर्व विदर्भातच, एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. पण सुई टोचायचं काम माझं आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलांत सिकलसेलची इतकी असतात की त्यांच्या हातावरच्या नसा मला चेहऱ्यासारख्या लक्षात राहतात.

तर आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ती हट्टी नाहीये, तिला खरंच जास्त दुखतं. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून ते हाडं फोडल्यासारखं दुखणं येतं हे तुम्ही घरी बघितलंच असेल. असं दुखणं वरचेवर येत राहिलं की शरीराची दुखणं ओळखायची यंत्रणाच जास्त हळवी होऊन बसते, म्हणजे इतर मुलाला जे नुसतं टोचल्यासारखं वाटतं ते या मुलांना चटका बसल्यासारखं वाटू शकतं. गरम, गार, दाब यांचा त्रास यांच्यातल्या बऱ्याच मुलांना इतरांपेक्षा लवकर जाणवतो हे तपासून पाहिलेलं आहे. त्यात मागच्या वेळची आठवण मिसळते. म्हणून सवय झालीच तर ती भीतीची होते, दर खेपेला थोडी जास्त. घरच्यांना हे सांगा, माझं नाव सांगून सांगितलं तरी चालेल की एक सिस्टर म्हणाली.

आणि खरा प्रश्न एका दिवसाच्या रडण्याचा नाहीच आहे. या पोरीला पुढची दहा-बारा वर्षं तरी आपणहून दवाखान्यात यायचंय, ताप आला तर लगेच यायचंय, गोळी नियमित घ्यायचीय. सुईच्या भीतीने येणंच बंद झालं तर सगळं फिसकटतं. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी आठ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी नसेत ठेवतात ती नळी, लावताना सात वेळा टोचलं, धरणाऱ्यांत मी पण होते, तेव्हा आम्हाला तसंच करायचं असतं असं वाटायचं. तो दीड वर्ष फिरकला नाही. त्याची आई म्हणायची, तो घरी दुखलं तरी सांगतच नव्हता, सांगितलं तर दवाखान्यात नेतील म्हणून. आला तेव्हा छातीत भरलेलं होतं, ऑक्सिजनवर. वाचला तो. पण त्याने दुखणं लपवलं ते आमच्या सुयांमुळे, हे मला अजून टोचतं, आणि त्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली.

आता नस का सापडत नाही ते बघू, कारण अर्धं दुखणं तिथेच वाचतं. सिकलसेलच्या मुलांच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ही मुलं भरपूर लघवी करतात, रात्री अंथरूण ओलं होतं, आणि मग घरात काय करतात तर संध्याकाळनंतर पाणी तोडतात. मग पहाटेची एसटी, वाटेत लघवी लागू नये म्हणून तेव्हाही पाणी नाही, कोणीतरी सांगितलेलं असतं रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून नाश्ता पण नाही, आणि दहा वाजता पोरगी माझ्यासमोर येते तेव्हा ओठ सुकलेले, हात थंडगार, नसा दोऱ्यासारख्या आत गेलेल्या. त्यात आधीच्या सुयांनी दोन-तीन चांगल्या नसा कडक झालेल्या असतात. अशा हातात कोणीही टोचलं तरी चुकणारच. सीबीसीला, म्हणजे तुमच्या लेकीची जी रक्ताची नेहमीची तपासणी आहे तिला, उपाशी राहायची काही गरज नसते. लिव्हर-किडनीच्या तपासण्याही साधारणपणे खाऊन चालतात, तरी डॉक्टरांनी मुद्दाम उपाशी यायला सांगितलं असेल तेवढ्याच वेळी विचारून घ्या, आणि तेव्हाही साधं पाणी चालेल का हे विचारा. रात्री पाणी तोडू नका. गादी ओली झाली तर प्लास्टिक घाला खाली. सकाळी उठल्यापासून थोडं थोडं करत दोन ग्लास तरी पोटात जाऊ द्या, स्वेटर घाला, उन्हाळ्यात सुद्धा एसीच्या खोलीत बसवलं तर अंगावर काहीतरी घ्या. टोचायच्या आधी हात कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने पाच-दहा मिनिटं शेका, कापड आधी स्वतःच्या गालाला लावून बघा, पोळेल इतकं नको. एवढ्यानेच मला ज्या हातात काही दिसत नव्हतं तिथे नस वर आलेली मी कितीदा बघितली आहे.

एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा, दर महिन्याला लागतंच का? हायड्रॉक्सीयुरियाच्या सुरुवातीला पेशी कमी होत नाहीत ना ते बघायला लवकर लवकर तपासावं लागतं, पण डोस बसला आणि रिपोर्ट ठीक येत असले की बऱ्याच ठिकाणी दोन-तीन महिन्यांवर नेतात. हे रिपोर्टवर अवलंबून आहे, स्वतःच्या मनाने तारीख चुकवू नका. गोळी तर अजिबात थांबवू नका, कारण तीच क्रायसिस, म्हणजे ते हाडं फोडणाऱ्या दुखण्याचे झटके, कमी करते आणि क्रायसिस कमी म्हणजे सलाईन कमी म्हणजे सुया कमी. आणि जे काही रक्त लागणार असेल ते एकाच वेळी एकाच टोचण्यात काढा म्हणावं, आज सीबीसी उद्या परत बोलावून दुसरं असं नको. भरती करताना सुद्धा इंट्राकॅथ लावतानाच तिथूनच रक्त घेता येतं.

आता औषधाचं. हो, असतं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असं मिळून एक मलम येतं, मेडिकलमध्ये प्रिलॉक्स वगैरे नावाने मिळतं. ते जागा बधिर करतं. पण लोक लावतात चुकीचं आणि मग म्हणतात फरक पडला नाही. चोळायचं नाही, जाड थर ठेवायचा, वरून पारदर्शक पट्टी लावायची किंवा पट्टी नसेल तर डबा झाकायचं प्लास्टिक गुंडाळायचं, आणि पूर्ण एक तास थांबायचं, वीस मिनिटांत काही होत नाही. दोन जागी लावा, कारण पहिली नस चुकली तर दुसरी जागा बधिर पाहिजे, आणि कोणत्या दोन जागा ते मागच्या वेळी ज्यांनी रक्त काढलं त्या सिस्टरला किंवा लॅबवाल्या दादांना विचारा. मलमाने कातडी पांढरी पडते आणि नस थोडी आक्रसते, म्हणून पुसल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि परत कोमट शेक द्यायचा, मग टोचायचं. जखमेवर किंवा खरजेवर लावायचं नाही. कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी घालताना लावतात ती, जेली लावून भागेल असं कोणी म्हणालं तर नाही भागत, ती धड कातडीतून आत जात नाही.

पण थांबा, लगेच मेडिकलमध्ये जाऊ नका. प्रिलोकेनमुळे क्वचित रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा भाग बिघडतो, आणि जी सिक्स पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या मुलांना हा धोका जास्त. आपल्या भागात सिकलसेल आणि जी सिक्स पीडीची कमतरता एकाच घरात दोन्ही सापडतात. एकदा ती तपासणी झालीय का ते तिच्या फाइलमध्ये बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. सल्फाची औषधं चालू असतील तर तेही सांगा. तान्ह्या बाळाला तर डॉक्टरांशिवाय लावायचंच नाही. मलम शक्य नसेल तर रडत बसू नका, बाकीचं जे खाली लिहितेय त्यानेही पुष्कळ फरक पडतो.

एक मात्र कधीच करू देऊ नका, बर्फ. इतर मुलांना टोचायच्या आधी बर्फ लावतात, गार स्प्रे मारतात, काही मोठ्या हॉस्पिटलात गार पट्टी आणि कंपन असलेलं खेळणं मिळतं. इतर मुलांना ते चांगलं. आपल्या मुलांमध्ये गारव्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि क्रायसिसला निमित्त मिळू शकतं, नस दिसत नाही ते वेगळंच. नुसतं कंपन चालेल, गार नको. नवीन सिस्टर असेल तर तिला माहीत असेलच असं धरू नका, तुम्ही सांगा की सिकलसेल आहे, बर्फ नको. आणि हातावर बांधतात तो पट्टा, तो नस शोधत शोधत पाच मिनिटं तसाच राहिला तर सोडायला सांगा, एक मिनिटाच्या आसपास सैल करून परत बांधायला काही जात नाही. पायाच्या नसेत टोचणंही आम्ही टाळतो, या मुलांना घोट्याजवळ जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत.

आता धरण्याबद्दल. चार जणांनी आडवं पाडून धरलं की मुलाला वाटतं आपल्यावर हल्लाच झाला, आणि बरोबरच आहे त्याचं. तुम्ही किंवा तिच्या आईने खुर्चीवर बसा, तिला मांडीवर बसवा, छातीला छाती, तिचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, एक हात तुमच्या पाठीमागे आणि दुसरा हात काखेखालून बाहेर माझ्याकडे. हात हलू नये एवढंच मी धरते, बाकी ती तुमच्या मिठीत असते आणि तिला सुई दिसतही नाही. काही मुलांना मात्र बघायचंच असतं, बघितलं नाही तर जास्त घाबरतात, त्यांना बघू द्यावं. तान्ह्या बाळांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे अंगावर पाजत पाजत टोचणं, टोचायच्या एक-दोन मिनिटं आधी पाजायला सुरू करायचं आणि संपेपर्यंत चालू ठेवायचं, इतका फरक पडतो की आया थक्क होतात.

बोलण्याचं तर काय सांगू. "काही दुखत नाही", "मुंगी चावेल फक्त", हे कृपा करून म्हणू नका. दुखतंच, आणि मग ती पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. "जेवली नाहीस तर सिस्टर सुई देईल" हे घरात कोणी म्हणत असेल तर आजपासून बंद करा, ते ऐकून ऐकून पोरं माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यासाठी राक्षसीणच असते. सारखं "सॉरी बाळा, सॉरी बाळा" म्हटलं तरी मुलाला वाटतं काहीतरी भयंकर होणार आहे. मी म्हणते, "चिमटा काढल्यासारखं टोचेल, तीनपर्यंत मोजते, तीनला तू जोरात फुंकर मार." आणि मग तीनलाच टोचते, दोनला नाही. फुंकर मारायला साबणाच्या पाण्याची फुगे उडवायची बाटली ठेवते खिशात, दहा-वीस रुपयांना जत्रेत मिळते. मोबाइलवर तिचं आवडतं काही लावलं तरी चालतं, पण ते टोचायच्या आधी दोन मिनिटं सुरू पाहिजे, रडणं सुरू झाल्यावर समोर धरून उपयोग नसतो. कुठल्या हातातून काढायचं ते तिला विचारा, बसून की मांडीवर ते विचारा. टोचायचं की नाही हे मात्र विचारू नका, कारण ती नाही म्हणाली तर तुम्हाला ऐकता येणार नाहीये.

सहा-सात वर्षांच्या मुलांच्या मनात अजून एक भीती असते जी ती बोलत नाहीत. एका पोरीने मला विचारलं होतं, "सिस्टर, माझं रक्त तर आधीच कमी आहे, मग तुम्ही अजून काढता तर संपेल ना?" तिला कोणीतरी सारखं म्हणायचं हिला रक्त नाही, हिला रक्त नाही. मी तिला जांभळ्या झाकणाची नळी हातात दिली, त्यात दोन मिलिलिटर लागतं, आणि पाणी घालून चहाच्या चमच्यात ओतून दाखवलं, अर्धा चमचाही भरला नाही. ती खुदकन हसली. तुमच्या लेकीलाही विचारून बघा तिला नेमकी कशाची भीती वाटते, उत्तर कधी कधी सुई नसतंच.

किती वेळा टोचू द्यायचं? आमच्या वॉर्डात मी नियम केलाय, एकाने दोनदा प्रयत्न करायचा, जमलं नाही तर हात बदलायचा म्हणजे दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवायचं, मध्ये पोरीला पाणी, शेक, दहा मिनिटं. घाई नसेल तर तिसऱ्या माणसापर्यंत जायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी बोलवावं असं मला वाटतं. हे सगळीकडे जमेल असं नाही, रात्रपाळीला एकटीच सिस्टर आणि तीस पेशंट असतात, मला माहीत आहे. तरी तुम्ही शांतपणे म्हणू शकता, "ताई, दोनदा झालं, दुसऱ्या कोणाला बोलवता का?" राग येईल कोणाला तर येऊ द्या. आणि ज्यांनी चांगलं टोचलं त्यांचं नाव आणि जागा वहीत लिहून ठेवा, "उजवा हात, कोपराच्या आत, बाहेरच्या बाजूला" असं. पुढच्या वेळी दाखवा. मला अशी वही घेऊन येणाऱ्या आया फार आवडतात.

हे सगळं झालं साध्या तपासणीच्या दिवसाचं. क्रायसिसचा दिवस वेगळा. तेव्हा ती आधीच दुखण्याने तळमळत असते, आणि आपण सलाईन लागल्याशिवाय दुखण्याचं औषध सुरू करत नाही, अर्धा तास नस शोधण्यात जातो. असं होता कामा नये. तीव्र दुखण्यात दवाखान्यात आल्यापासून एका तासाच्या आत चांगल्या ताकदीच्या औषधाचा पहिला डोस जायला पाहिजे असं आता मानतात, आणि तो तोंडातून मॉर्फिन किंवा नाकात मारायचं फेंटानिल असा सुईशिवाय देता येतो. तुमच्या जवळच्या दवाखान्यात यातलं काय मिळतं ते चांगल्या दिवशीच विचारून ठेवा, कारण सगळीकडे नसतं. कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन हा जो आपल्याकडे रिवाज आहे तो या मुलांना नको, एक तर ते इंजेक्शनच दुखतं आणि किडनीवर ताण येतो. जो हात-पाय दुखतोय तिथे पट्टा बांधू नका, तिथे टोचू नका, तिथून धरूही नका, डॉक्टर-सिस्टर विचारत नसतील तर तुम्ही आधीच सांगा की डावा हात दुखतोय, उजवा बघा. लहान बाळांचे तळहात-तळपाय सुजतात ना, त्या सुजेवर टोचलेलं मी बघितलंय. त्या बाळाचा आवाज मी विसरू शकत नाही.

मोठ्या प्रक्रिया, पाठीतून पाणी काढणं, रक्त बदलणं, दात काढणं, ऑपरेशन, यात गुंगी किंवा भूल लागते आणि ते मोठ्या ठिकाणीच करावं. तुम्ही फक्त तीन गोष्टींवर लक्ष ठेवा, उपाशी ठेवलं तर पाणी किती वाजेपर्यंत चालतं (साधं पाणी बहुतेक वेळा दोन तास आधीपर्यंत चालतं), त्यानंतर सलाईन चालू आहे का, आणि ऑपरेशनच्या थंड खोलीत पोरीवर पांघरूण आहे का. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड स्वतः दाखवा, फाइलमध्ये असेल म्हणून सोडू नका.

आणि दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांची वर्षातून एकदा डोक्याची एक तपासणी करतात, टीसीडी म्हणतात, मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग बघायला, लकव्याचा धोका आधी कळतो. त्यात सुई नसते, कानशिलाला जेल लावून सोनोग्राफीसारखी करतात. पण भीतीमुळे मुलं त्यालाही आकांत करतात आणि रडताना वेग चुकीचा येतो. तेव्हा "आज सुई नाही" हे घरूनच सांगून न्या, आणि त्या दिवशी खरंच सुई होऊ देऊ नका, कोणी म्हणालं आलाच आहात तर रक्तही देऊन टाका, तरी नाही म्हणा.

२०२३ च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, त्यामुळे आता गडचिरोली असो की नंदुरबार, मुलं लवकर सापडतात. फार चांगलं आहे हे. पण जे लेकरू आज दोन वर्षांचं असताना सापडलं त्याच्या सुयांची सुरुवात आजच होते, आणि पहिल्या चार-पाच सुया कशा गेल्या त्यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून ज्यांची मुलं नुकतीच सापडलीत त्यांनी पलंगाखाली जायची वेळ यायच्या आधीच हे सगळं सुरू करावं.

दादा, पुढच्या तारखेला असं करा. आदल्या संध्याकाळी तिला खरं सांगा, आठवडाभर आधी नको, ती आठवडाभर झोपणार नाही. बाहुलीला एकदा टोचायचा खेळ खेळा, बाहुलीला तिलाच मांडीवर घेऊ द्या. रात्री पाणी, सकाळी पाणी आणि पोळी किंवा पोहे. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर एसटीत बसतानाच मलम लावा, पोचेपर्यंत तास होतो. लॅबच्या खिडकीपाशी गर्दी असेल तर आधी जाऊन सांगा की सहा वर्षांची सिकलसेलची आहे, नस अवघड आहे, ज्यांचा हात चांगला त्यांना द्या. आणि तिची फुग्यांची बाटली विसरू नका.

पहिल्या वेळी ती रडणारच आहे, ते धरून चला, मागच्या पाच सुया एका दिवसात पुसल्या जात नाहीत. मी ज्या मुलांबरोबर हे केलं त्यांच्यात तिसऱ्या-चौथ्या खेपेला फरक दिसायला लागला, काहींना वर्ष लागलं. एक मुलगा अजूनही रडतो पण रडत रडत स्वतःच बाही वर करतो. तुमची लेक कशी येते ते पुढच्या महिन्यात लिहा, आणि जी सिक्स पीडीचा रिपोर्ट काय आला तेही.